खातं भाड्यानं देणारा पोरगा आणि गप्प बसलेले सर

मागच्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात दोन माणसं माझ्याकडे येऊन गेली. पहिला एका माजी विद्यार्थ्याचा बाप. हमाली करतो, हात पायजम्याला पुसत वर्गाच्या दाराशी उभा राहिला. दुसरे माझे जुने सहकारी, आमच्या शाळेतून निवृत्त झालेले, वयानं माझ्या अब्बांच्या बरोबरीचे. दोघं एकाच मोहल्ल्यातले, एकाच मशिदीत एकाच सफमध्ये उभे राहणारे. एकाच्या घरातून फसवणुकीला हातभार लागला होता आणि दुसऱ्याचं घर फसवणुकीत धुऊन निघालं होतं. दोघांना एकमेकांचं काही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही.

आधी सरांचं सांगतो.

सरांना दुपारी फोन आला. पलीकडचा माणूस शुद्ध हिंदीत बोलत होता. तुमच्या आधार कार्डावर मुंबईत एक खातं उघडलंय, त्या खात्यातून दहशतवादी संघटनेला पैसे गेलेत, तुम्ही आता 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, असं त्यानं सांगितलं. मग व्हिडिओ कॉल. वर्दीतला माणूस, मागे अशोकस्तंभाचं चिन्ह, टेबलावर तिरंगा. सर दोन दिवस आपल्या खोलीत मोबाइलसमोर बसून होते. बायकोला सांगितलं, तब्येत बरी नाही, जेवण दारातून दे. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्यांनी सहा लाख रुपये 'तपासणीसाठी' पाठवले. निवृत्तीच्या पैशांतले, उमऱ्यासाठी बाजूला काढलेले. बँकेतल्या मुलानं विचारलंही की एवढे पैसे कुणाला पाठवताय. सर म्हणाले, नातेवाइकाला.

मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा एकोणीस दिवस होऊन गेले होते.

मी विचारलं, सर, पहिल्या दिवशी मला एक फोन का नाही केला? मी दोन गल्ल्या सोडून राहतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मियाँ, तुम्हारे बाजूवाले पाटील गुरुजी को फोन आता ना, तो वो हँस के काट देते. मेरा नाम देखो ना पहले."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. इंटरनेटवरच्या फसवणुकीवर मराठीत पुष्कळ लिहून येतं. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, लालच करू नका. सगळं बरोबर आहे. पण सरांना कुणी लालूच दाखवलीच नव्हती. त्यांना भीती दाखवली होती. आणि ती भीती त्या फोनवाल्यानं तयार केलेली नव्हती, ती घरात आधीपासून होती. त्यानं फक्त ती वापरली. मुसलमान माणसाच्या कानावर 'दहशतवाद' आणि 'तुमचं नाव' हे दोन शब्द एका वाक्यात पडले की त्याचं शिक्षण, त्याचा चौतीस वर्षांचा अनुभव, सगळं बाजूला पडतं. निर्दोष सुटलेल्या, पण दहा-पंधरा वर्षं आत काढलेल्या पोरांच्या कथा आम्ही सगळ्यांनी वाचलेल्या आहेत. त्यामुळे फोनवरचा माणूस खोटा आहे की खरा, हा प्रश्न सरांच्या मनात दुसरा होता. पहिला प्रश्न होता, हे बाहेर गेलं तर काय होईल.

अर्थात ही भीती आमच्याच समाजाची मक्तेदारी नाही, हेही मान्य करायला हवं. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून जास्त रुपयांना लुटलं, आणि त्याच प्रकरणातून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल देशाला सावध केलं होतं. कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही. कुठलाही पोलीस, सीबीआयवाला, न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही आणि सुटकेसाठी पैसे पाठवायला सांगत नाही. डॉक्टर, बँकेचे निवृत्त अधिकारी, फौजेतले लोकही यात फसले आहेत. मग माझ्या सरांना 'भोळे' म्हणणारे आपण कोण?

आणि आपण म्हणतो. 'एवढे शिकलेले असून...' हे वाक्य मी आमच्या स्टाफरूममध्ये किती वेळा ऐकलंय. मी स्वतःही म्हटलंय. आता एक कबुली देतो. घरातल्या माणसांना हे इथं वाचूनच कळणार आहे. काही वर्षांपूर्वी मी घरातलं जुनं कपाट एका ॲपवर विकायला टाकलं होतं. एका 'फौजी'चा फोन आला. बदली झालीय, कपाट न बघताच घेतो म्हणाला. क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्याकडे येतील. मी स्कॅन केला, पिन टाकला आणि साडेनऊ हजार रुपये गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. एवढी साधी गोष्ट बीएड झालेल्या माणसाला त्या क्षणी सुचली नाही. मी तक्रार केली नाही. पैशांपेक्षा जास्त वाचवायची होती ती इज्जत. बायकोला सांगितलं, कपाट उधारीवर दिलंय. (कपाट अजून माळ्यावर आहे, चादरीखाली.)

म्हणून सर एकोणीस दिवस गप्प का बसले, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पण या गप्प बसण्याची किंमत किती, हे समजून घेतलं पाहिजे. चोरीचा पैसा एका खात्यात थांबत नाही. पहिल्या खात्यातून पाच खात्यांत, तिथून वीस खात्यांत, मग कुठे एटीएममधून रोख, कुठे क्रिप्टो. हा सगळा प्रवास काही तासांचा असतो. १९३० हा फोन नंबर त्यासाठीच आहे. तक्रार लगेच गेली तर बँका एकमेकींना कळवून पैसे मधल्या खात्यात अडवू शकतात. ही व्यवस्था २०२१ पासून आहे. तासाभरात फोन केला तर काही हाती लागण्याची आशा असते, एकोणीस दिवसांनी जवळपास काहीच नाही. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियमही बहुतेकांना माहीत नसतो. तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तो तोटा तुमच्या माथी येत नाही. मात्र ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. म्हणजे दोन्ही बाबतींत कळवायला जितका उशीर, तितकं नुकसान जास्त.

केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. आणि हे तक्रारींवर आधारलेले आकडे आहेत. माझे साडेनऊ हजार त्यात नाहीत.

आता त्या दुसऱ्या घराकडे येतो.

पोरगा वीस वर्षांचा. माझ्याकडे आठवी ते दहावी मराठी शिकला. अक्षर सुंदर, अभ्यासात साधारण. बारावी सोडून टायरच्या दुकानात लागला. त्याला कुणीतरी सांगितलं, तुझं बँकेचं खातं दे, एटीएम कार्ड दे, त्याला जोडलेलं सिम दे, चार हजार देतो. कशासाठी? तर 'ऑनलाइन गेमिंगच्या कंपनीला टॅक्स वाचवायचाय'. पोरानं सगळं दिलं. चार हजारांचा मोबाइलचा हप्ता भरला. तीन महिन्यांनी परराज्याचे पोलीस दारात. त्याच्या खात्यातून एका दिवसात अठरा लाख इकडून तिकडे गेले होते. पोरानं त्यातले चार हजारच पाहिले.

बाप माझ्याकडे आला होता तो चारित्र्याचा दाखला मागायला. "सर, आप लिख दो ना, लड़का अच्छा है।" मी लिहून दिलं. खोटं लिहिलं नाही. पोरगा माझ्या वर्गात चांगलाच होता. पण कागद हातात देताना मला सर आठवले. सरांचे सहा लाख कुठल्या तरी दुसऱ्या गावात, अशाच एखाद्या टायरच्या दुकानातल्या पोराच्या खात्यात पहिल्यांदा पडले असणार. त्या गावातही एखादा मास्तर असेल आणि त्यानंही असाच दाखला लिहून दिला असेल.

या खात्यांना बँकवाले 'म्यूल' म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, ओझं वाहणारं जनावर. ओझं कुणाचं आहे हे त्याला कळत नाही, पण चाबूक त्यालाच बसतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवून पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसून दोन दिवसांच्या व्यवहारांत ९४ कोटींवर रुपये पळवले गेले. बनावट कार्डांनी २८ देशांत रोख काढली गेली आणि वरचे जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. ही माणसं बँकेची यंत्रणा फोडणारी नव्हती. बनावट कार्ड घेऊन एटीएमसमोर उभी राहिलेली होती. एटीएमचा कॅमेरा समोर उभ्या राहिलेल्याचाच चेहरा टिपतो. यंत्रणा फोडणारा कुठे बसला होता ते कॅमेऱ्याला कसं दिसणार?

आमच्या अंबडमध्ये 'खातं देणं' ही तशी नवी गोष्ट नाही, हे सांगताना मला लाज वाटते. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळात अतिवृष्टी-गारपिटीच्या नुकसानीचं अनुदान वाटताना बोगस नावं घुसडून जवळपास २५ कोटी रुपये लाटल्याचा गुन्हा २०२५ मध्ये इथल्याच पोलीस ठाण्यात नोंदला गेला. त्यात महसूल खात्यातलेच कर्मचारी आरोपी आहेत. काय सिद्ध व्हायचं ते न्यायालयात होईल, मी निकाल देत नाही. पण याद्या संगणकावर चढायच्या आणि पैसे थेट खात्यात जायचे, म्हणजे आता दलाल संपले, असं आपल्याला सांगितलं गेलं होतं. संगणकात जो भरेल तेच त्याच्यातून निघतं. आणि बोगस नावावर पैसे उतरवायचे तर कुणाचं तरी खरं खातं लागतंच. ज्यांचा कापूस खरोखर पाण्यात गेला होता, ते तेव्हा तलाठी कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसले होते. त्यात सगळ्या जातीधर्मांचे लोक होते, आमच्या मोहल्ल्यातलेही.

दाखला घेऊन बाप गेल्यावर मी मोहल्ल्यात दोन-चार तरुणांशी बोललो. 'खातं देणं' त्यांना चोरी वाटत नाही. 'मैंने किसको लूटा? मैंने तो बस कार्ड दिया.' एक जण तर म्हणाला, लुटले जातात ते पैसेवाले असतात. ही पळवाट जुनी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकले. तिथं शेकडो तरुण-तरुणी रात्रपाळीत बसून अमेरिकन नागरिकांना तिथल्या कर खात्याच्या नावानं धमकावत होते. इंग्रजी बरं असलेली मुलं, बहुतेकांची पहिलीच नोकरी. अमेरिकेतल्या लोकांचेच पैसे जातात ना, त्यांना काय कमी आहे, असं म्हणणारे तेव्हाही होते. आज तोच धंदा, तीच भाषा, तोच दम आपल्या सरांवर उलटला आहे. फक्त तेव्हा इंग्रजीत होतं, आता हिंदीत आहे.

इथं मला मस्जिदीच्या मिंबरबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, कुणी नाराज झालं तरी. आमच्याकडे जुम्म्याच्या बयानात व्याजावर बोललं जातं, फोटो काढण्यावर बोललं जातं, लग्नातल्या डीजेवर बोललं जातं. खातं भाड्यानं देणं हराम आहे, हे मी आजवर एकदाही ऐकलं नाही. कुरआनची ८३ वी सूरह मापात पाप करणाऱ्यांच्या नावानंच आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक, विरोधकसुद्धा, 'अल-अमीन' म्हणत आणि आपली मौल्यवान चीजवस्तू त्यांच्याकडे ठेवत. हिजरतीच्या रात्री त्यांनी हजरत अलींना मागे ठेवलं ते या अमानती ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. ज्यांनी जीव घ्यायचा बेत केला होता, त्यांच्या शहरातल्या लोकांच्या अमानती! आमच्या मदरशातल्या सहा वर्षांच्या मुलीला हा किस्सा पाठ आहे. पण अमानत म्हणजे चांदीचं भांडं, एवढंच आम्ही शिकवलं. तुझ्या नावाचं खातं, तुझ्या नावाचं सिम, तुझ्या अंगठ्याचा ठसा हीदेखील अमानत आहे आणि ती दुसऱ्याच्या हातात दिली तर तिच्यातून कुणाच्या तरी म्हातारपणाचे पैसे जातील, हे मौलाना साहेबांनी सांगितलं तर माझ्या वर्गातल्या व्याख्यानापेक्षा ते दसपट ऐकलं जाईल.

मी आमच्या इमाम साहेबांकडे हे घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला त्यांचा मोबाइल दाखवला. एका अनोळखी नंबरवरून 'शादी कार्ड डॉट एपीके' अशी फाइल आलेली होती. "ये खोलूँ क्या? तीन दिन से सोच रहा हूँ, किसकी शादी है।" मी ती तिथंच पुसून टाकली. लग्नाची पत्रिका, वाहतुकीचं चलन, शेतकऱ्यांच्या योजनेचा हप्ता, अशा नावांनी या फाइली फिरतात. उघडून ॲप घेतलं की मोबाइलमधले मेसेज, म्हणजे ओटीपी, परस्पर चोराकडे जातात. तुम्हाला कुणी काही विचारायचीही गरज राहत नाही. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, तिला मोबाइलमध्ये बसवावं लागत नाही. इमाम साहेबांनी हे वाक्य माझ्याकडून वहीत उर्दूत लिहून घेतलं. रमजानच्या आधी बयानात घेतो म्हणाले, आणि त्यांनी घेतलंही. जकातीच्या नावानं व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडबद्दलही बोलले. हॉस्पिटलमधल्या मुलाचा फोटो, खाली कोड, वर 'सवाब की नीयत से आगे भेजें'. फोटो कुणाचा, कोड कुणाचा, कुणी पाहत नाही. आपण आपल्या गल्लीतल्या विधवेला जकात देताना चार प्रश्न विचारतो आणि मोबाइलवर डोळे मिटून पाठवतो.

भाषेचं एक दुखणं आहे, ते मास्तर म्हणून मला जास्त सलतं. माझ्या विद्यार्थ्यांच्या आया उर्दू वाचतात, काही मराठी वाचतात. बँकेचा मेसेज येतो इंग्रजीत. 'हा ओटीपी कुणाला सांगू नका' ही सूचनासुद्धा इंग्रजीत. मग आई सहावीतल्या पोराला म्हणते, देख रे क्या आया. घरातली सगळी बँक त्या पोराच्या हातात. त्याला पिन माहीत, त्याला शिल्लक माहीत, आणि गेमसाठी 'डायमंड' हवे असतात तेही त्यालाच. मी आता मराठीच्या तासाला पत्रलेखनात 'मुख्याध्यापकांस रजेचा अर्ज' यासोबत बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना फसवणुकीची तक्रार लिहायला लावतो. तारीख, वेळ, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, कोणत्या नंबरवरून फोन आला, सगळं. अभ्यासक्रमात नाही. पण पत्रलेखन आहेच. मुलींची पत्रं मुलांपेक्षा चांगली येतात, कारण त्या तपशील सोडत नाहीत.

पोलिसांबद्दलही बोललं पाहिजे. सायबर पोलीस ठाणं जालन्याला आहे, पंचवीस-तीस किलोमीटरवर. मजुरी बुडवून बाई तिथं जाणार कशी? पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते, पण ती करायला पुन्हा तोच सहावीतला पोरगा लागतो. तालुक्याच्या ठाण्यात गेलं तर अनेकदा पहिला प्रश्न असतो, तुम्ही लिंक उघडलीच कशाला? या एका प्रश्नानं पुढच्या दहा तक्रारी थांबतात. आणि ज्यांचं खातं विनाकारण गोठतं त्यांचं काय? केळी विकणाऱ्याला गिऱ्हाइकानं क्यूआरवर साठ रुपये दिले, ते साठ रुपये कुठल्या तरी चोरीच्या साखळीतले निघाले, आणि त्याचं सगळं खातं बंद. अशा तक्रारी देशभर झाल्या आहेत. खेचर कोण आणि केळीवाला कोण, हा फरक करायला कुणाला सवड नाही.

सरांसोबत मी जालन्याला गेलो. ते मोटारसायकलवर माझ्या मागे बसले होते आणि रस्ताभर काही बोलले नाहीत. ठाण्यात बसलेला हवालदार तरुण होता, बीडकडचा असावा बोलण्यावरून. त्यानं सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काही विचारायच्या आधी म्हणाला, "काका, काल इथं एक इंजिनिअर येऊन गेले. तुम्ही घाबरू नका, सांगा सावकाश." सरांनी मग सगळं सांगितलं. शुद्ध मराठीत, एकही शब्द न अडखळता, जणू वर्गात उभे आहेत. शेवटी त्यानं नाव विचारलं. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पूर्ण नाव सांगितलं. हवालदारानं ते लिहून घेतलं आणि पुढचा रकाना विचारला, वय.

सहा लाखांपैकी अकरा हजार रुपये एका खात्यात अडकलेले सापडले आहेत. ते परत मिळावेत म्हणून न्यायालयात अर्ज केलाय. पोराच्या प्रकरणात पुढची तारीख पडली आहे. बाप परवा रस्त्यात भेटला, सलाम केला. पुढच्या वेळी तिकडे जायचं रेल्वेचं तिकीट मोबाइलवर काढून द्याल का, असं विचारत होता. पोराचा मोबाइल पोलिसांकडे जमा आहे आणि त्याला स्वतःला ते जमत नाही.